बुडालेल्या गांवाचीं दारें

पुण्याहून सोलापुराकडे जातांना भिगवण मागें पडलें कीं इंदापूर तालुक्यांतील पळसदेव लागतें. वाटसरूस दिसतें तें नवें गांव होय. जुनें पळसदेव भीमेच्या कांठीं होतें; तें उजनी धरणाच्या पोटांत गेलें. धरणाची पायाभरणी १९६६ मध्यें झाली आणि १९८० मध्यें काम पुरें झालें. एखाद्या उन्हाळ्यांत पाणी फार आटलें, जसें २०२४ मध्यें आटलें, म्हणजे पळसनाथाचें प्राचीन देऊळ उघडें पडतें आणि लोक तें पाहण्यास लोटतात. दगड जेथल्या तेथें राहिला. भोंवतालचीं घरें मात्र तशीं वर येत नाहींत. मातीच्या भिंती पाण्यांत विरघळतात, आणि घराचा जो भाग टिकाऊ तो पाणी चढण्यापूर्वींच गाडींत चढलेला असतो.

देशावरच्या माळवदी घरांत मोलाची वस्तु म्हणजे लांकूड. खांब, तुळया, त्यांवर किलचें, वर पांढऱ्या मातीचा थर. सागवान दुरून आणावें लागे, म्हणून सामान्य कुणब्याची मदार बाभळीवर व कडुनिंबावर असे. धरणाखालीं जमीन गेलेलें कुटुंब नव्या गांवठाणांत जातांना भिंतींचा मोह धरीत नसे. पण चौकट, दारें, फडताळाच्या फळ्या हीं सोडून जाणें त्यास परवडणारें नव्हतें.

हें साधे, याचें श्रेय जुन्या सुतारास दिलें पाहिजे. त्याचा सांधा खिळ्यावर नव्हे, कुसावर व लांकडी खुंटीवर उभा असे. खिळा उपटतांना फळी फाटते. खुंटी ठोकून काढली कीं सांधा सुटतो आणि दुसऱ्या ठिकाणीं पुन्हा बसतो. आजचीं भुशाच्या फळ्यांचीं कपाटें दुसऱ्या बिऱ्हाडाचा प्रवासहि धड सोसत नाहींत!

आतां या लांकडाचें लिहिण्याचें मेज व्हावें, ही कल्पना कितीशी जुनी? मेज व खुर्ची यांवांचून लिखाण होत नाहीं, ही समजूतच मुळीं अलीकडची. पेशवाईंतला कारकून बैठकीवर मांडी घालून, गुडघ्यावर अगर उतरत्या डेस्कावर कागद ठेवून बोरूनें लिही. दप्तर रुमालांत बांधलेलें असे. त्या हजारों रुमालांतील मजकूर जमिनीवर बसूनच लिहिला गेला. उंच मेज आलें तें इंग्रजी कचेऱ्यांबरोबर, आणि घराघरांत शिरावयास त्यास पुष्कळ काळ लागला.

जुन्या दाराचें मेज करूं पाहणारास पहिली अडचण येते ती रुंदीची. जुनें दार ठेंगणें व दोन फळ्यांचें. एक फळी मेजास अपुरी पडते, म्हणून दोन्ही जोडाव्या लागतात. वरखालीं जे लांकडी खुंट उखळींत फिरत, ते कापावे लागतात. भोंकें सरस व भुसा यांनीं बुजतात. नक्षी किंवा लोखंडी फुल्या असल्यास वर कांच घालणें बरें. पाये अडीच फुटांच्या आंतबाहेर ठेवले म्हणजे झालें. लांकूड पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलें, म्हणून तें सहसा वांकत नाहीं. बाभूळ मात्र करवतीची परीक्षा पाहते.

पुण्याची कथा याहून निराळी. १८२८ मध्यें शनिवारवाडा जळाला, तेव्हां सागवान वाचविण्यास अवसरच नव्हता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील वाडे ढासळले. मोडलेल्या वाड्यांच्या लांकडास गिऱ्हाईक मिळे. पण त्यांतील कारागिरी पाहणारे थोडे. दिनकर केळकर हे त्या थोड्यांतले अग्रणी. त्यांनीं दारें, खिडक्या, दिवे, अडकित्ते जन्मभर गोळा केले, कोथरुडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयांत पुन्हा उभे केले, आणि १९७५ मध्यें तो संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. संग्रहालयांतील दारास कोणी हात लावीत नाहीं. मेज झालेल्या दारावर शाई सांडते, पोरें रेघा ओढतात. दाराची मूळ प्रकृति पाहतां त्यास दुसरा प्रकारच अधिक मानवत असावा.

२०२० मध्यें टाळेबंदीनें कचेऱ्या घरांत आणल्या, तेव्हां अडगळींतल्या अशा फळ्यांकडे अनेकांचें लक्ष गेलें. रंधा मारतांना एक गोष्ट संभाळावी. जुन्या दारावर कडीच्या जागेखालीं एक कमानीसारखी घासलेली खूण असते. लोंबती साखळी वर्षानुवर्षें हलून ती पडते. जाणता सुतार रंधा तेथवर आणून थांबवितो.