बाटलीवरचे नाव आणि बाटलीतले द्रव्य

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोबरेल तेलाच्या एका जुन्या वादाचा निकाल दिला. लहान बाटल्यांतून विकले जाणारे शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानावे की केशतेल, असा तो वाद. करखात्याचे म्हणणे असे की, एवढ्याशा बाटलीतले तेल लोक डोक्यालाच लावतात. उत्पादकांचे म्हणणे असे की, तेल शुद्ध व खाण्याजोगे आहे आणि वेष्टनावर आम्ही तसेच छापले आहे. २०१८ साली दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यामुळे प्रकरण तिघांच्या पीठापुढे गेले आणि अखेर उत्पादकांची बाजू मान्य झाली. केवळ बाटली लहान म्हणून तेल केशतेल ठरत नाही. वेष्टनावरून ते केसांसाठी असल्याचे दिसत असेल, तरच ते त्या सदरात जाईल. वस्तू व सेवा करात तेव्हा या दोन सदरांत ५ आणि १८ टक्के असे अंतर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांवर आले आणि पुढील व्यवहारापुरती त्या भांडणाची धार गेली.

माझी नोकरी राज्याच्या विक्रीकर विभागात झाल्यामुळे हा निकाल मी अंमळ अधिक चवीने वाचला. द्रव्य तेच, पण नाव बदलले की सदर बदलते, हे आम्हां कारकुनी माणसांना नवे नाही. मात्र केसांच्या बाबतीत नाव आणि द्रव्य यांची फारकत बरीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुळात असे नव्हते. आयुर्वेदात डोक्यास रोज तेल लावण्याचा उपदेश चरकसंहितेपासून आहे. तेल सिद्ध करण्याचे मानही उघड आहे. शार्ङ्गधरसंहितेतील सर्वसाधारण नियमानुसार कल्काच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट द्रव. म्हणजे माक्याचे तेल करायचे तर पावशेर कल्क, शेरभर तीळतेल आणि चार शेर माक्याचा रस. सारे पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचे. कल्काची बोटांनी वात वळता आली, ती विस्तवावर धरली असता तडतडली नाही आणि तेलावर फेस आला की तेल झाले. यात गुपित काही नाही. ज्याला शंका असेल त्याने मोजून पाहावे.

शिकेकाईचेही तसेच. शिकेकाईची वेल दख्खनच्या व सह्याद्रीच्या रानांतली; आमच्या माळव्यात शेजारच्या बायका केसांना मुलतानी माती किंवा दही लावीत. पण मराठी घरांनी शिकेकाई सोडली नाही. इंदूरच्या सियागंजातून शेंगा येत. त्यांत रिठे, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची वाळलेली साल घालून दळण होई. प्रमाण घराघराचे वेगळे आणि त्यावरून जावाजावांत वादही होत; पण काय घातले हे दोघींनाही ठाऊक असे. रिठ्याचे संस्कृत नाव फेनिल. हा फेस सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा. साबण जड पाण्यातील चुन्याशी मिळून केसांवर चिकट पांढरा थर धरतो; सॅपोनिन तसे करीत नाही. विहिरीच्या जड पाण्यावर ज्यांची हयात गेली, त्यांना शिकेकाईचा आग्रह का होता हे यावरून कळेल. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्ल असतो, तर साबण क्षारधर्मी; क्षाराने केस फुगून राठ होतात. तरीही जुने ते सारे सोने असे म्हणणारा मी नव्हे. भरड दळलेली शिकेकाई केसांत अडकून बसे, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर घरातली पोरे जो आकांत करीत, तो काही आनंदाचा नव्हता.

शाम्पू हा शब्दच मुळी आपल्याकडचा. हिंदीतील चाँपना म्हणजे दाबणे, रगडणे. आपली चंपी त्याच घरातली. पाटण्याकडचे शेख दीन महंमद (१७५९–१८५१) यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि अंगमर्दन यांचा व्यवसाय थाटला, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’ अशी पदवी मिरविली. त्यांच्या शाम्पूत केस धुण्याचा संबंध नव्हता. तो अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला आणि शब्द नव्या अर्थासह आपल्याकडे परत आला.

याच शतकात द्रव्य झाकून नाव विकण्याची विद्या भरभराटीस आली. लंडनच्या रोलंड यांचे मॅकॅसर तेल बायरनच्या ‘डॉन जुआन’मध्येही उल्लेखिले गेले. ते दूरच्या मकासर बेटांवरील दुर्मीळ तेल असल्याची जाहिरात होती. अशा तेलांच्या ज्या कृती पुढे छापल्या गेल्या, त्यांत साधे बदामाचे वा ऑलिव्हचे तेल, सुगंध आणि लाल रंगासाठी आपल्या रतनजोतीच्या जातीचे मूळ एवढेच दिसते. त्या तेलाचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडू नयेत म्हणून जे रुमाल घालू लागले, तेच क्रोशाचे रुमाल आपल्या जुन्या दिवाणखान्यांत परवापरवापर्यंत होते.

कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बसू यांनी ‘कुंतलीन’ तेल काढले आणि १८९६ पासून कथास्पर्धा सुरू केली. अट मोठी मासलेवाईक होती: कथेत तेलाचा उल्लेख हवा, पण जाहिरात वाटता कामा नये. पहिले पारितोषिक शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसू यांच्या कथेला मिळाले. तीत बंगालच्या उपसागरातले वादळ केशतेलाच्या एका बाटलीने शांत होते! विनोद खरा, पण पाया शास्त्राचा: पाण्याच्या पृष्ठताणावर तेलाचा होणारा परिणाम.

आधुनिक शाम्पूचे सारे शास्त्र याच पृष्ठताणाचे आहे. पहिल्या महायुद्धातील चरबीच्या टंचाईने जर्मनीत साबणावाचून धुणारी द्रव्ये शोधली गेली, आणि १९३४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ड्रीन’ हा कृत्रिम धावनद्रव्याचा शाम्पू निघाला. आज घरोघरी असलेले सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचे सौम्य भावंड लॉरेथ सल्फेट त्याच कुळातले. यांतील लॉरिल बहुधा खोबरेल किंवा ताडफळाच्या गराच्या तेलातून येते. खोबरेलाचा निम्म्याच्या आसपास भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्यामुळे ‘नारळापासून बनविलेले’ हे वाक्य शाम्पूच्या बाटलीवर खोटे नसते. पण खोबरेल केसांत मुरते आणि हे सल्फेट केसांतले तेल काढून घेते. (खोबरेल केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असा निष्कर्ष मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केला. कंपनी खोबरेलच विकते, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. प्रयोग मात्र नीट मांडलेला आहे.)

मग ग्राहकाने तुलना करावी कशी? १९४० चा औषध कायदा १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांनाही लागू झाला. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावेत, त्याखालचे कोणत्याही क्रमाने, असा आता नियम आहे. शाम्पूत पहिले पाणी, दुसरे बहुधा लॉरेथ सल्फेट, मग बीटेन आणि दाटपणासाठी चक्क मीठ. दर्शनी बाजूस शेंगांचे ठसठशीत चित्र असावे आणि मागे शिकेकाईचा अर्क सुगंध व परिरक्षकांच्याही नंतर यावा, तर तो बहुधा एक टक्क्याच्या आतला समजावा. आयुर्वेदीय परवान्यावरच्या तेलांना वनस्पतींची नावे परिमाणासह द्यावी लागतात; तेथे शेवटचे ‘क्यू. एस.’ पाहावे. बाटली भरेपर्यंत लागेल तेवढे, असा त्याचा अर्थ. पुढे तीळतेल आहे की पातळ पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, यावर त्या बाटलीची किंमत ठरवावी.

आपल्या वयाच्या मंडळींनी ‘काळी मेंदी’ची पुडी तर चष्मा लावूनच वाचावी. मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा. एकटी मेंदी काळा रंग देत नाही. मेंदीनंतर नीळ लावून केस काळे करण्याची रीत जुनी आहे, पण तिला वेळ लागतो. अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या पुडीत बहुधा पॅराफेनिलिनडायअमीन असते. या द्रव्याने काहींच्या टाळूस व चेहऱ्यास तीव्र सूज येते. म्हणूनच कानामागे लावून एक-दोन दिवस वाट पाहण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे कायद्याने आवश्यक केले आहे.

१९८३ साली तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ हा पुडीतला शाम्पू आणला आणि ज्यांना बाटली परवडत नव्हती, त्यांच्या घरी शाम्पू पोचला. आज खेड्यातल्या टपरीवर त्या पुड्यांच्या माळा लोंबतात. घटकांच्या यादीचा जो नियम वर सांगितला, त्यातून ६० मिलिलिटरहून लहान द्रव वेष्टने वगळलेली आहेत.