वाळुंजाची साल आणि हिंवताप

वैनगंगेच्या खोऱ्यांतील गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तळीं, भातखाचरें व अरण्य यांनीं तो व्यापलेला आहे; देवरी व सालेकसा येथील जंगलपट्टीस हिंवताप अपरिचित नाहीं. पाणथळ भूमि आणि हुडहुडी भरविणारा ताप यांची सांगड सर्व देशांतील लोकांनीं फार पूर्वींच ओळखली होती. एका सुप्रसिद्ध औषधाचा इतिहास याच सांगडींतून उगम पावला आहे.

महाराष्ट्रांत नदीकांठीं वाळुंज नांवाचा वृक्ष आढळतो. त्याच्याच कुळांतील विलायती वृक्षाची साल इंग्लंडांतील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकानें सहज चाखून पाहिली, तों ती सिंकोनासारखी कडू लागली. सिंकोनाची साल हिंवतापावर रामबाण, परंतु महाग. रोग जेथें उपजतो तेथेंच त्याचें औषधहि असतें, अशी त्या काळची समजूत होती. स्टोननें साल तीन महिन्यांहून अधिक काळ भट्टीच्या उबेस वाळवून तिचें चूर्ण सुमारें ५० रोग्यांस दिलें, आणि १७६३ सालीं रॉयल सोसायटीस पत्र लिहून आपलें यश कळविलें.

त्याच पत्रांत एक मार्मिक कबुली आहे. कांहीं हट्टी तापांत नुसत्या चूर्णानें भागेना, तेव्हां त्यानें एक पंचमांश सिंकोना मिसळला आणि मग ताप हटला. या दोन सालींचीं कार्यें मूळांतच भिन्न आहेत, हें मात्र त्यास उमगलें नाहीं.

पुढें १८२८ सालीं बुख्नरनें या सालींतून सॅलिसिन वेगळें काढलें. १८७६ सालीं मॅक्लागन यानें संधिवाताच्या तापांत त्याचा गुण दाखविला. १० ऑगस्ट १८९७ रोजीं जर्मनींत हॉफमान यानें ॲस्पिरिन तयार केल्याची नोंद केली. अवघ्या दहा दिवसांनीं, २० ऑगस्टला, सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यास डासाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु दिसले.

या दोन नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजे स्टोनचें कोडें उलगडतें. वाळुंजकुळाची साल ताप उतरविते, वेदना शमविते. सिंकोनांतील क्विनीन रक्तांतील जंतूंचा नाश करतें. पहिलीनें रोग्यास आराम पडतो, पण रोग रक्तांत तसाच राहतो.

ताप उतरला म्हणजे रोग गेला, ही समजूत अद्याप नाहींशी झालेली नाहीं. म्हणून अरण्याकांठच्या खेड्यांत थंडी वाजून ताप आला असतां, एका गोळीनें अंग निवलें तरी रक्ततपासणी टाळूं नये.