घर ओढणारी गाडी

गाडीला जनावर जुंपायचे तर आधी ओझे पाहावे, मग वाट पाहावी आणि त्यानंतर जनावराकडे वळावे, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. लोखंडाच्या गाड्या आल्या म्हणून हा हिशेब सुटला, असे मात्र कुणी समजू नये. आज आपण अमेरिकेत जाणार आहोत. तिथे लाखो कुटुंबे मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडतात आणि देश पाहायला निघतात. त्या घरात बिछाना असतो, चूल असते, पाण्याची टाकी असते, मोरीसुद्धा असते. त्याला कुणी ट्रेलर म्हणतात, कुणी कॅम्पर. हे घर ओढायला कोणती गाडी घ्यावी, यावर तिथे घरोघरी खल चालतो. आपल्या बाजारात भाजीच्या जाळ्या घेऊन येणाऱ्या छोट्या मालगाडीला आपण 'पिकअप' म्हणतो ना? तो शब्द तिकडचाच. तिचीच थोरली, दणकट भावंडे या कामाला लागतात.

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. १८४० नंतर मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावाहून हजारो कुटुंबे पश्चिमेला ऑरेगॉनकडे निघाली. वाट सुमारे ३,२०० किलोमीटरांची. गाडीवर कापडी छप्पर, आत वाटेचा शिधा, आणि माणसे बहुधा पायी. दिवसाकाठी २०-२५ किलोमीटर झाले तरी पुष्कळ. तेव्हा वाद असे तो बैल की खेचर हा. अमेरिकन लष्करातील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी १८५९ साली अशा वाटसरूंसाठी एक मार्गदर्शक पुस्तक छापले, त्यात या वादाचा चोख निवाडा आहे. वाट चांगली असेल, दाणावैरण मिळत असेल आणि फार लांब जायचे नसेल, तर खेचर बरे. ते वेगाने चालते. पण दीड-दोन हजार मैलांचा पल्ला असेल, वाटेत वाळू आणि चिखल असेल, तर तरुण बैलच टिकतील, असे त्यांचे मत. शिवाय सहा खेचरांना ६०० डॉलर पडत, तर आठ बैल २०० डॉलरांत मिळत. बैलाचा आणखी एक गुण त्या मंडळींना ठाऊक होता: तो माळावरच्या गवतावर निभावतो.

जनावर नीट निवडले तरी ओझ्याचा मोह सुटत नसे. आजीचे कपाट, बिडाची चूल, लोखंडी अवजारे, काही म्हणता काही मागे ठेववत नसे. मग सुमारे तिसरा हिस्सा वाट सरल्यावर फोर्ट लॅरमी हे ठाणे येई, तोवर बैलांची हाडे दिसू लागलेली असत. १८४९ साली सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या लोकांनी तर त्या ठाण्याच्या आसपास टाकलेल्या सामानाचे ढीग लागले होते. पुढे डोंगर उभे होते, आणि बैल मेला तर कुटुंबाने कुठे जायचे?

मोटार आल्यावर काय झाले ते पाहा. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ साली निघाली. शेतकऱ्यांनी ती घेतली, आणि कित्येकांनी मागची बाजू कापून तिथे स्वतःच लाकडी खोके ठोकले. दुधाच्या किटल्या, डुकराची पिल्ले, दाण्याची पोती, सगळे त्यात जाऊ लागले. कारखानदाराच्या हे ध्यानात यायला बरीच वर्षे लागली! १९२५ च्या एप्रिलात फोर्ड कंपनीने तसले खोके कारखान्यातच बसवून गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर, ताकद २० अश्वशक्ती. आजच्या अवाढव्य पिकअपची आजी ती हीच. गावच्या सुताराने आधी केले आणि कारखान्याने मागून उचलले, ही गोष्ट मला तरी लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

चाकांवरच्या घराचा जन्मही असाच हौशी माणसांच्या अंगणात झाला. मोटारीला तंबू बांधून फिरणाऱ्यांनी १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा गावी आपला संघ काढला. त्याचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट', म्हणजे 'पत्र्याच्या डब्याचे प्रवासी'. पुढे डेट्रॉइट शहरात आर्थर शेर्मन नावाचे एक जंतुशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुटीसाठी कापडी ट्रेलर घेतला. काही मिनिटांत उभा राहतो, असे विकणाऱ्याने सांगितलेले. नेमका पाऊस आला, तंबू काही उभा राहीना, आणि सारे कुटुंब भिजून चिंब झाले. घरी येऊन शेर्मन यांनी पक्क्या भिंतींचा ट्रेलर बांधवून घेतला. लोक विचारू लागले, तेव्हा त्यांनी कारखानाच काढला. ट्रेलरला नाव दिले 'कव्हर्ड वॅगन', म्हणजे पश्चिमेकडे गेलेली तीच छपराची बैलगाडी. १९३६ च्या सुमारास हा कारखाना त्या धंद्यात सर्वांत मोठा होता. त्याच साली वॉली बायम यांनी विमानासारख्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेट ठोकलेला 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला.

हे सारे ट्रेलर ओढत होती ती मात्र घरची साधी मोटार. तिच्या मागच्या टोकाला एक लोखंडी गोळा बसवायचा आणि ट्रेलरची दांडी त्यावर अडकवायची. इथे आपल्या बैलगाडीची आठवण ठेवली तर गोष्ट चटकन समजेल. गाडीत ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. ओझे पुढे जास्त झाले की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही अगदी तसेच आहे, बरं का. त्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांडीवर यावा, असा साधारण दंडक आहे. त्याहून कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा डावीउजवीकडे हलू लागतो, आणि वेग असेल तर ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन उलटतो. फार जास्त आला तर मोटारीचे मागचे अंग खाली बसते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू नीट ऐकत नाही. बैल निदान मान हलवून सांगतो. मोटार तेवढेही सांगत नाही.

या गोष्टीची खरी परीक्षा झाली ती १९५१-५२ साली. वॉली बायम यांनी मध्य अमेरिकेत जाण्यासाठी ट्रेलरवाल्यांचा तांडा काढला. टेक्सासच्या सरहद्दीवर ६३ ट्रेलर जमले. मेक्सिकोतले आणि त्यापुढचे डोंगरी रस्ते, चिखल, खडी यांनी असे काही सडकले, की शेवटपर्यंत पोचले फक्त १४. बायम यांच्या जागी दुसरा असता तर त्याने कानाला खडा लावला असता. त्यांनी पुढे अधिक तयारीने तांडे नेले. १९५९ साली ४१ ट्रेलर जहाजाने दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला उतरले आणि आफ्रिका खंड उभे चिरीत १९६० साली इजिप्तमध्ये कैरोला पोचले. या खेपेला अनेकांनी घरच्या मोटारीऐवजी दणकट मालवाहू गाड्या आणल्या होत्या. इथिओपियातल्या वाटांवर त्यांचीही कसोटी लागली. पण मधल्या सात-आठ वर्षांत निवडीचा विचार कसा पालटला, ते या दोन प्रवासांवरून दिसते. चैनीची मोटार मागे पडली आणि शेतावरची गाडी पुढे आली.

त्याच १९६० साली जॉन स्टाइनबेक हे नामवंत लेखक चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश पाहायला निघाले. त्यांनी ट्रेलर ओढला नाही. पाऊण टनी जीएमसी पिकअपच्या पाठीवरच छोटी खोली बसवून घेतली, आणि गाडीला डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले, रोसिनान्ते. निघताना वाचायची राहिलेली पुस्तके म्हणून दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलो, ग्रंथ त्यांनी गाडीत भरले. मास्तर मंडळींनी हसू नये. आजीचे कपाट आणि न वाचलेली पुस्तके ही एकाच जातीची ओझी आहेत. ती गाडी कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी स्टाइनबेक यांच्या स्मारक-संग्रहालयात ठेवलेली आहे.

आता हे 'पाऊण टन' म्हणजे काय? पिकअप किती ओझे पाठीवर घेईल, त्यावरून तिची जात ठरे: अर्ध्या टनाची, पाऊण टनाची आणि एक टनाची. फोर्डने १९४८ साली एफ या अक्षराची जी मालिका काढली, तिच्यात एफ-१ ही अर्ध्या टनाची होती. आज त्याच जातींना १५०, २५०, ३५० किंवा १५००, २५००, ३५०० असे आकडे लावतात. नावे जुनी राहिली, ताकद कितीतरी वाढली. आज 'अर्ध्या टनाची' म्हणवणारी गाडी अर्ध्या टनाहून जास्त ओझे सहज घेते. पाऊण टन आणि एक टन या दोन जातींना तिकडे 'हेवी ड्यूटी' म्हणतात.

१९७३ साली तेलाचे संकट आले. पुढे सरकारने मोटारींच्या इंधनावर कायद्याने मर्यादा घातली, तशा मोटारी लहान आणि हलक्या होत गेल्या. त्यांच्याकडून घर ओढवेना. हे काम आपोआप पिकअपकडे आले. याच सुमारास दांडी गोळ्यावर अडकवण्याऐवजी ट्रेलरचा पुढचा भाग थेट पिकअपच्या खोक्यात, मागच्या आसाच्या वर टेकवण्याची रीत रुळली. तिला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक, असे म्हणतात. हे नाव घोड्याच्या बग्गीतून आले आहे: तिचा पुढचा आस ज्या आडव्या कड्यावर फिरे, ते पाचवे चाक. विमानविद्येतले नामांकित ग्लेन कर्टिस यांनी १९२० नंतरच्या दशकातच असा ट्रेलर केला होता. पण त्याचा सार्वत्रिक प्रसार व्हायला मजबूत पिकअप यावी लागली. बैलाच्या भाषेत सांगायचे तर ओझे शेपटीला न बांधता पाठीवर ठेवले. गाडी स्थिर झाली. मात्र ट्रेलरच्या वजनाचा पाचवा हिस्सा आता तिच्या पाठीवर आला.

मग इंजिनाचा प्रश्न. घोड्याचा वेग निराळा आणि बैलाचा खेच निराळा; पेट्रोल आणि डिझेल यांत साधारण तसाच फरक. १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटरचे डिझेल इंजिन बसवले गेले. अश्वशक्ती केवळ १६०, पण कमी फेऱ्यांतच त्याचा पीळ असा जबर, की ट्रेलरवाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या. मूळचे हे कामाचे, कष्टाचे इंजिन. याच कमिन्सने १९६२ साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला. तेव्हा हे नाव आपल्याला परके नाही.

पण चढापेक्षा उतार वाईट, हे घाटात गाडी हाकणारा प्रत्येक जण सांगेल. पाच टनांचे घर मागून ढकलत असते. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरीत नाही. म्हणून ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, ते पुढच्या गाडीतून चालवता येतात. आणि चांगल्या डिझेल गाडीत धूर कोंडून इंजिनालाच रोधायला लावणारी योजना असते. फार अवजड घर असेल तर मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी जोडचाके असलेली गाडी घेतात. ती बाजारात उभी करायला जागा मिळत नाही, हा तिचा दोष. वाऱ्यावादळात ती पाय रोवून चालते, हा गुण.

घेणारा फसतो तो मात्र इंजिनात नव्हे, साध्या बेरजेत. समजा, दुकानदार म्हणाला, 'ही गाडी साडेसहा टन ओढते.' आपले पाचव्या चाकाचे घर पाच टनांचे. म्हणजे झाले? नाही. त्या घराचा पाचवा हिस्सा, म्हणजे १,००० किलो, गाडीच्या पाठीवर येणार. जोडणीचे लोखंड ८० किलो. घरची चार माणसे ३०० किलो. बेरीज १,३८० किलो. आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिले आहे, पाठीवर ओझे फक्त १,२०० किलो! ओढायची ताकद आहे, वाहायची नाही. म्हणून जाणता माणूस जाहिरात बाजूला ठेवतो, दार उघडून आधी ती पट्टी वाचतो, आणि भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर घालतो. रिकाम्या ट्रेलरचे छापील वजन त्याला पुरत नाही.

जाहिरातीतल्या आकड्यांचीही एक कथा आहे. पुष्कळ वर्षे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ओढशक्ती ठरवी. शेजाऱ्याने पाच टन म्हटले की आपण सव्वापाच! शेवटी तिथल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली एक सामायिक कसोटी प्रसिद्ध केली. टोयोटाने ती २०११ सालच्या पिकअपला प्रथम लावली, आणि तिचे आकडे खाली आले. इतर मोठ्या कंपन्यांनी आणखी काही वर्षे घेतली. या कसोटीचा चढ ॲरिझोना राज्यातला आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून रस्ता वाळवंटातून सुमारे १८ किलोमीटर एकसारखा चढत जातो, आणि तेवढ्यात उंची ९०० मीटरांच्या आसपास वाढते. भर उन्हात, पूर्ण ओझे जोडून, गाडीतली गारव्याची यंत्रणा सगळी चालू ठेवून वर जायचे. ताशी ४० मैलांच्या खाली वेग उतरता कामा नये. जोडचाकांच्या गाडीला ३५ मैलांची सवलत. इंजिन तापून थांबले, तर तो आकडा त्या गाडीला लावता येत नाही.