ओझ्याची सायकल: वाईच्या पेठेतल्या कॅरिअरची कथा

वाईला रेल्वे कधीच आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे मीटर गेज लोहमार्ग गेला, तो वाईला टाळून. जवळचे स्थानक म्हणजे वाठार, सुमारे तीस किलोमीटरवर. मुंबई-पुण्याचा माल तिथे उतरे आणि बैलगाडीने वाईच्या पेठेत पोचे. पेठेपासून गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळीतल्या घरांपर्यंत मात्र गाडी प्रत्येक दारी जाऊ शकत नसे. तो अखेरचा टप्पा माणसाच्या डोक्यावरून पार पडे.

लोहमार्गाचा इतिहास लिहिला गेला, घाटरस्त्यांचाही लिहिला गेला. पेठेपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या या टप्प्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तो बऱ्याच अंशी एका साध्या लोखंडी सांगाड्याचा, म्हणजे सायकलीच्या कॅरिअरचा इतिहास आहे.

त्याची मुळे सायकलीपेक्षा फार जुनी आहेत. गाडीरस्ते होण्यापूर्वी दख्खनचा व्यापार लमाणांच्या तांड्यांवर चाले. कोकणातले मीठ घाटावर येई, घाटावरचे धान्य आणि गूळ खाली जाई, आणि हे सारे बैलांच्या पाठीवरून. एक बैल साधारण शंभर किलो ओझे वाही. ते वाहण्याचे साधन म्हणजे गोणी: मधोमध दुमडून पाठीवर टाकलेली, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने लोंबणारी जाड पिशवी. तिच्यामागे एकच नियम होता. दोन्ही अंगे समतोल हवीत आणि वजन जितके खाली तितके बरे. एका बाजूला दोन शेर अधिक झाले तरी घाटात खोगीर फिरे आणि बैल अडे. हा नियम पुढे पुन्हा उपयोगी पडायचा होता.

बैलगाडीने लांबचा माल ओढला, पण घरगुती बाजारहाट तिच्या कक्षेबाहेर राहिला. पाटी, हारा, बोचके, पडशी आणि कावड ही त्याची साधने होती. कमरेवर मूल आणि डोक्यावर दळणाची पाटी घेऊन गिरणीतून परतणारी बाई हे विसाव्या शतकातही मराठी गावांतले नित्याचे दृश्य होते. सायकलीने काय बदलले याचा हिशेब करताना पहिल्यांदा ही मान आणि ही कंबर लक्षात घ्यावी लागते.

सायकल मराठी मुलखात आली ती मात्र ओझे वाहण्यासाठी नव्हे. दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. किर्लोस्कर उद्योगसमूहही आपला जन्म याच १८८८ पासून मोजतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि बंधू रामुअण्णा तिथे त्या विकीत. विक्रीबरोबर दुरुस्ती होती आणि चालवायला शिकवणेही होते. ग्राहक होते साहेब, वकील आणि संस्थानिक. पुढे या बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. कृष्णाकाठच्या यंत्रोद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानात झाला, ही गोष्ट नांगराच्या कीर्तीपुढे थोडी झाकली जाते.

वाण्याचा माल सायकलीवरून पोचवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये तेव्हा रुळत होती. तिथल्या खाटकांच्या, पाववाल्यांच्या आणि किराणा दुकानांच्या पोऱ्यांसाठी वेगळ्या सायकली बनत. त्यांचे पुढचे चाक मुद्दाम लहान ठेवलेले असे आणि वरच्या मोकळ्या जागेत मोठी टोपली बसे. ती टोपली हँडलला नव्हे, तर सांगाड्याला जोडलेली असे. त्यामुळे हँडल वळले तरी ओझे जागेवर राही. डच लोकांनी पुढे पेटी असलेली तीनचाकी केली. डेन्मार्कमध्ये दोन चाकांमध्येच माल ठेवण्याची लांबलचक सायकल निघाली.

मराठी गावांत यांपैकी काहीच रुजले नाही. कारण गरिबी हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे असे, की विलायतेतली मालवाहू सायकल दुकानाची होती आणि इथली सायकल घराची. सकाळी तीच कचेरीला, दुपारी तीच मळ्याकडे, संध्याकाळी तीच पेठेत, आणि रविवारी तिच्यावरच पुढे मूल, मागे पत्नी घेऊन पाहुण्यांकडे. अशा कुटुंबाला केवळ टोपली वाहणारे वाहन परवडणारे नव्हते आणि उपयोगाचेही नव्हते. म्हणून इथे वेगळी सायकल जन्मली नाही. आहे त्याच सायकलीला साज चढवला गेला.

ही सायकल म्हणजे काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची ‘रोडस्टर’. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती बहुतांश विलायतेहून येई. युद्धात आयात आटली. १९४२ मध्ये मलाया जपानच्या हाती गेल्यावर रबराचीही चणचण झाली. स्वातंत्र्यानंतर कारखाने उभे राहिले: १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. घाटाखालच्या तालुक्याच्या गावात सायकल मध्यमवर्गाच्या आणि नंतर शेतकऱ्याच्या आवाक्यात आली ती या देशी कारखान्यांमुळे.

या सायकलीत ओझे पेलण्याची ताकद मुळातच होती. पुढच्या चाकाला ३२ तारा, तर मागच्याला ४०. दोन चाकांमधले अंतर लांब असल्याने खड्ड्यातही ती सहसा उधळत नसे. उरलेले काम सायकल दुकानदाराने आणि वेल्डिंगवाल्याने केले. कारखान्याकडून मिळणारे कॅरिअर हलके असे. चापाखाली एखादे पुस्तक, फार तर डबा राही. त्याच्या जागी जाड सळईचे, रुंद आणि लांब कॅरिअर आले. त्याचे पाय मागच्या आसाच्या नटांत घट्ट बसवले जात, म्हणजे वजन थेट चाकाच्या मध्यावर उतरे, मडगार्डवर किंवा सीटखालच्या नळीवर नाही. या एका गोष्टीवर सारा फरक पडे.

त्यानंतर स्टँड. एका पायाच्या तिरक्या स्टँडवर उभ्या सायकलीवर वीस किलो ज्वारी चढवायला गेले की ती हमखास आडवी होते. त्यासाठी मागचे चाक जमिनीवरून उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड आला आणि दोन्ही हात मोकळे झाले. चिमट्याला आधाराची जादा दांडी, काही सायकलींना वरची दुहेरी नळी, मागे जाड टायर. आसाचे नट दर आठवड्याला आवळावे लागत. ते ढिले झाले की ओझ्याखाली जोर मारताना चाक पुढे सरके आणि चेन उतरे, बहुधा चढावरच.

बांधायला काय? दोरी सुटते, सुतळी कापते. उत्तर दुकानदाराच्या पायाशी पडलेले होते: पंक्चर काढून काढून निकामी झालेली ट्यूब. तिच्या लांब पट्ट्या कापून त्यांनी पोते आवळले जाई. रबर ताणून बसते, खड्ड्यात धक्का झेलते आणि पोते खाली दबले तरी ढिले पडत नाही. सायकलीच्या साजात याहून स्वस्त आणि याहून नेमकी वस्तू दुसरी नसेल. कृष्णाकाठच्या हळदीची पोती, गुळाची ढेप, पेंडीचे गाठोडे, चाऱ्याचे भारे या पट्ट्यांच्या भरवशावर हलत राहिले.

माल रचण्याची रीत मात्र गोणीची. तेलाचा डबा, गूळ आणि धान्य आसाच्या जवळ व खाली. पापड, चुरमुरे, पालेभाजी वर. दोन थैल्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाच्या. भार आसाच्या मागे गेला की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हवेत डोलू लागते. थैली पुढे आली की टाच तिच्यावर आपटते. पोत्याची झालर तारांत अडकू नये म्हणून बाजूला फळी किंवा पट्टी लावत. हँडलला पिशवी अडकवण्याचा मोह सर्वांना होई आणि वळणावर गुडघा त्या पिशवीत जाई.

दूधवाल्याने ही रीत पूर्णत्वाला नेली. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकडे, त्यांत दोन दुधाचे कॅन, म्हणजे शब्दशः गोणीचीच रचना. फरक इतकाच की दूध हिंदकळते आणि वाटेत एका घरी माप घातले की एक बाजू हलकी होते. म्हणून एका घरी या कॅनमधून, पुढच्या घरी त्या कॅनमधून, असे आलटून पालटून दूध काढावे लागे.

कॅरिअरची किंमत भाड्याने सायकल देणाऱ्यास सर्वांत नीट कळत होती. तासावर सायकल देणारी अनेक दुकाने भाड्याच्या सायकलीचे कॅरिअर काढूनच ठेवीत. कॅरिअर दिले की गिऱ्हाईक डबलसीट जाणार किंवा पोते लादणार, आणि तारा तुटल्या की खर्च दुकानाचा. डबलसीटला पोलिसांची मनाई, रात्री दिव्याची सक्ती, नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला: गरिबाच्या वाहनावरही सरकारची नजर बारीक होती.

तरी या वाहनाला एक सीमा होती आणि वाईत ती गावाबाहेरच सुरू होई. पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी सुमारे बारा किलोमीटर आणि चढ सुमारे साडेपाचशे मीटर, म्हणजे सरासरी वीस मीटरला एक मीटरच्या आसपास. साठ किलोचा माणूस, वीस किलोची सायकल आणि चाळीस किलो सामान असे १२० किलो सपाट सडकेवर ढकलायला साधारण एक-सव्वा किलो वजनाएवढा जोर पुरतो. पसरणीच्या चढावर त्यात आणखी साडेपाच-सहा किलोंची भर पडते. गिअर नसलेल्या सायकलीवर एवढा जोर बारा किलोमीटर लावणे पहिलवानालाही जड जाईल. शिवाय उतरताना सळईचे ब्रेक, तेही पावसात ओल्या रिमवर. म्हणून ओझ्याची सायकल वाईच्या सपाटीवर राज्य करीत राहिली आणि पाचगणीचा माल बैलगाडीकडून मोटारीकडे गेला.

चढावर सायकलीवरून उतरून तिला हाताने ढकलणे ही हार वाटते, पण तिचे सामर्थ्य तिथेच अधिक दिसते. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी हमालांनी हजारो सायकली डोंगरातून नेल्या त्या बसून नव्हे. हँडलला बांबू बांधून लांब केले, सीटमागे दुसरा बांबू उभा केला आणि माणूस शेजारून चालत राहिला. एकेका सायकलीवर दोनशे किलोहून अधिक तांदूळ आणि दारूगोळा गेला. बसणारा उतरला की त्याच्या वजनाची जागा माल घेतो. साताऱ्या-सांगलीकडे कडब्याचा डोंगर लादून सायकल ढकलत नेणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित कुणी शिकवले नव्हते.

या साजाचा वाटा स्त्रियांपर्यंत मात्र उशिरा पोचला. आडवी नळी नसलेली लेडीज सायकल आणि तिच्या पुढची टोपली आधी शाळा-कॉलेजच्या मुलींकडे आली. घरचे दळण आणि किराणा त्याआधी कितीतरी वर्षे पुरुषांच्या कॅरिअरवर चढला होता. पण सायकल कामावर गेलेली असे तेव्हा गिरणीची वाट पुन्हा डोक्यावरच्या पाटीनेच चालावी लागे.

१९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लूना रस्त्यावर आली आणि ऐंशीच्या दशकात बजाजची एम-८०. दूधवाल्यांनी एम-८० चटकन उचलली. तिच्या मागच्या बाजूला वेल्डिंगवाल्याने जे आकडे बसवून दिले, ते सायकलीच्याच मापाचे आणि सायकलीच्याच जागी होते. कॅनही पुष्कळदा तेच.