पंचवीस डॉलरची चिप

सुट्टी लागली की ओळखीतली मुले हमखास एक प्रश्न घेऊन येतात. "खेळांसाठी संगणक जुळवायचा आहे. पैसे एवढेच आहेत. प्रोसेसर भारी घेऊ, की तो साधा घेऊन उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर आणि मेमरीवर घालू?" दुकानदाराकडे गेले तर तो किमतींचा कागद पुढे करतो. तो कागद दर महिन्याला बदलतो. प्रश्न मात्र फार जुना आहे. ठरावीक पैशांत खेळाचे यंत्र करायचे, तर कशावर खर्च करायचा आणि कशावाचून भागवायचे, हा पेच पन्नास वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाला नव्हे, तर यंत्र बनवणाऱ्यांनाच पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे या लेखात पाहू.

मेंदू महाग, खेळणे स्वस्त

इंटेल कंपनीची ४००४ ही चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आली. संगणकाचा सारा मेंदू एका चिपमध्ये मावू शकतो, हे तिने दाखवले. १९७४ मध्ये इंटेलची ८०८० आणि मोटोरोलाची ६८०० या अधिक समर्थ चिप्स आल्या. सुटी घेतली तर ८०८० ची किंमत ३६० डॉलर होती.

त्याच सुमारास अमेरिकेत दूरदर्शन संचाला जोडायचे खेळ घराघरांत जाऊ लागले होते. अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ १९७२ मध्ये नाणे टाकून खेळायच्या यंत्रात आला आणि १९७५ मध्ये घरगुती रूपात. या पाँगमध्ये प्रोसेसर नव्हताच. चेंडू कुठे आहे, तो फळीवर आपटला की नाही, गुण किती झाले, हे सारे विद्युतमंडलाच्या जोडणीतच पक्के केलेले असे. त्यामुळे खेळ बदलायचा तर नवे यंत्र घ्यावे लागे.

प्रोसेसर बसवला तर ही अडचण सुटणार होती. यंत्र एकच राहील आणि खेळ म्हणजे आज्ञावली होईल. ती आज्ञावली वेगळ्या डबीत, म्हणजे आपली मुले जिला 'कॅसेट' म्हणत त्या वस्तूत, भरून विकता येईल. पण सारे खेळणे दोनशे डॉलरच्या आसपास विकायचे, तर त्यात ३६० डॉलरची चिप कशी बसवणार?

चिप स्वस्त कशी झाली?

चक पेडल हे मोटोरोलात ६८०० वर काम करणारे अभियंता. ही चिप घेऊन ते निरनिराळ्या कारखान्यांत जात. लोकांना ती आवडे, पण किंमत ऐकून ते मागे सरत. पंचवीस डॉलरला मिळेल अशी चिप करावी, असे पेडल म्हणू लागले. कंपनीला ते रुचले नाही. अखेर १९७४ मध्ये पेडल आणि त्यांचे काही सहकारी मोटोरोला सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एमओएस टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीत गेले. बिल मेन्श हे त्यांच्यातलेच एक. तिथे त्यांनी ६५०२ ही चिप तयार केली.

किंमत उतरवण्याचे दोन मार्ग त्यांनी धरले. पहिला मार्ग काटछाटीचा. ६८०० मध्ये बेरीज-वजाबाकीसाठी दोन नोंदकप्पे होते, त्यांतला एक काढला. क्रमांक ठेवायचा कप्पा सोळा बिटांचा होता. त्याच्या जागी आठ बिटांचे दोन कप्पे दिले. ही उणीव भरून काढण्यासाठी बाहेरच्या मेमरीतल्या पहिल्या २५६ बाइटांपर्यंत लवकर पोचण्याची सोय केली. सारे मिळून सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर लागले. मूळच्या ६८०० चे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस मिलिमीटर होते, ६५०२ चे सुमारे १६.६ चौरस मिलिमीटर भरले.

चिप लहान केल्याने केवळ सिलिकॉन वाचते असे नाही. खरा फायदा वेगळा आहे. तो वर्गात सहज दाखवता येतो. २० सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. त्यावर ५ सेंटिमीटरचे चौकोन आखा. ते १६ होतील. आता डोळे मिटून मोहरीचे १६ दाणे कागदावर विखरा. दाणा पडलेला चौकोन बाद समजा, कारण सिलिकॉनच्या चकतीवर दोष असाच कुठेही पडतो आणि ज्या चिपवर पडतो ती वाया जाते. साधारण सहा चौकोन कोरे राहतील. मग तेवढ्याच कागदावर अडीच सेंटिमीटरचे ६४ चौकोन आखून पुन्हा १६ दाणे टाका. आता पन्नासच्या आसपास कोरे राहतील. चौकोनांची संख्या चौपट झाली, पण चांगल्या चौकोनांची जवळजवळ आठपट झाली! प्रयोग दहा-बारा वेळा करून सरासरी काढावी. संभाव्यतेचा पाठ आयताच होतो.

दुसरा मार्ग दोषच कमी करण्याचा. ज्या काचेवरून सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उतरवतात तिला मास्क म्हणतात. पूर्वी हा मास्क चकतीला टेकवत. त्यावर धूळ चिकटे, ओरखडे पडत आणि ते पुढच्या प्रत्येक चकतीवर उतरत. पर्किन-एल्मर कंपनीच्या नव्या यंत्रात मास्क चकतीपासून दूर राही आणि आरशांच्या साहाय्याने त्याची प्रतिमा चकतीवर पाडली जाई. एमओएसने ही पद्धत उचलली. शिवाय मास्कमधल्या चुका दुरुस्त करण्याचे कसबही तिथल्या लोकांनी साधले होते. बहुतेक चिप्स फेकून द्याव्या लागत, त्याऐवजी बहुतेक कामाच्या निघू लागल्या.

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन भरले. प्रदर्शनात माल विकायला बंदी होती. म्हणून पेडल यांनी जवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि काचेच्या बरणीत चिप्स भरून ठेवल्या. किंमत २५ डॉलर. बरणीतल्या तळाच्या चिप्स चालणाऱ्या नव्हत्या, बरणी भरलेली दिसावी म्हणून ठेवल्या होत्या, असे पुढे सांगण्यात आले. पण वरच्या चालत होत्या. थोड्याच दिवसांत मोटोरोलाने ६८०० ची किंमत १७५ वरून ६९ डॉलरवर आणली.

मोटोरोलाने एमओएसवर खटलाही भरला. १९७६ मध्ये दोन लाख डॉलर देऊन आणि ६८०० च्या जागी थेट बसणारी ६५०१ ही जोडीची चिप मागे घेऊन एमओएसने तो मिटवला. त्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत ही कंपनी कमोडोर या गणकयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली. जगाला स्वस्त प्रोसेसर देणारी कंपनी स्वतः मात्र स्वतंत्र राहू शकली नाही.

१२८ बाइटांचा संसार

वेस्कॉनला आलेल्या लोकांत अटारीसाठी काम करणारे स्टीव्ह मेयर आणि रॉन मिलनर हेही होते. त्यांनी हिशेब मांडला, तर पंचवीस डॉलरही जास्तच होत होते. म्हणून ६५०२ चीच काटकसरीची आवृत्ती, ६५०७, घ्यायचे ठरले. चाळीस पायांऐवजी तिला अठ्ठावीसच पाय. पाय कमी म्हणजे पत्त्याच्या तारा कमी, म्हणून तिला आठ किलोबाइटपलीकडे पाहता येत नसे. खेळाच्या कॅसेटसाठी तर चारच किलोबाइट ठेवले. ही चिप आणि तिच्या जोडीची एक चिप मिळून १२ डॉलरचा सौदा झाला. लिहिता-पुसता येणारी मेमरी त्या जोडीच्या चिपमध्येच होती, अवघी १२८ बाइट. एका बाइटात एक अक्षर धरले, तर या छापील मजकुराच्या दोन-तीन ओळी भरतील एवढीच!

आता गणित करून पाहू. पडद्यावर १६० आडवे आणि १९२ उभे बिंदू आहेत. प्रत्येक बिंदू काळा की पांढरा एवढेच लक्षात ठेवायचे म्हटले तरी ३०,७२० बिट, म्हणजे ३,८४० बाइट लागतात. जवळ आहेत १२८. मग चित्र ठेवायचे कुठे?

उत्तर असे की ठेवायचेच नाही. जे मायनर यांनी आखलेली चित्रचिप एका वेळी पडद्याची एकच ओळ जाणत असे. दूरदर्शनमधला किरण एक ओळ काढतो तेवढ्यात प्रोसेसरचे ७६ ठोके होत. एका आज्ञेला निदान दोन आणि बहुधा अधिक ठोके लागतात. म्हणजे वीस-पंचवीस आज्ञांत पुढच्या ओळीची सामग्री चित्रचिपला द्यायची, मग पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. असे सेकंदाला साठ वेळा. गुण मोजणे, टक्कर ओळखणे ही कामे किरण पडद्याबाहेर असताना उरकायची.

हे यंत्र १९७७ मध्ये सुमारे दोनशे डॉलरला विक्रीस आले. पुढे ते 'अटारी २६००' या नावाने ओळखले गेले. यंत्रात वाचवलेल्या पैशांची भरपाई आज्ञावली लिहिणाऱ्यांनी डोके झिजवून केली. या चित्रचिपला सलग रांगेत आठ वेगवेगळ्या सोंगट्या मांडता येत नव्हत्या. बुद्धिबळाचा खेळ आणायचा ठरला तेव्हा बॉब व्हाइटहेड यांनी एकाआड एक ओळींत सोंगट्या काढून ते साधले. तरीही यंत्र चाल शोधू लागले की पट पडद्यावरून नाहीसा होई, कारण प्रोसेसरला विचार करणे आणि चित्र काढणे एकाच वेळी जमत नसे.

इतके करून या लोकांचे नाव खेळाच्या डबीवर नसे, विक्रीतला वाटाही मिळत नसे. १९७९ मध्ये व्हाइटहेड, डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर आणि लॅरी कॅप्लन अटारीतून बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. वस्तू स्वस्त झाली की तिचा उरलेला भार कोणावर पडतो, हा प्रश्न इतिहासाच्या तासालाही विचारण्याजोगा आहे.

छापखान्यातले खिळे

जपानमध्ये निन्टेन्डोच्या मासायुकी उएमुरा यांच्यापुढेही हाच पेच होता. मालकांना यंत्र अगदी स्वस्त हवे होते आणि खेळ मात्र 'डाँकी काँग'सारखा रंगीत. रिको कंपनीकडे ६५०२ बनवण्याचा परवाना होता. तिच्या चिपमध्ये ६५०२ चाच गाभा होता. दशमान पद्धतीने बेरीज करण्याची सोय बंद केलेली होती आणि आवाज काढणारे मंडल त्याच चिपवर बसवलेले होते.

मेमरी अटारीपेक्षा बरी, तरी प्रोसेसरसाठी दोनच किलोबाइट. पण चित्राचे काम वेगळ्या चिपकडे सोपवले होते. तिची युक्ती छापखान्यातल्या खिळ्यांसारखी आहे. पडदा २५६ गुणिले २४० बिंदूंचा. प्रत्येक बिंदूला चार रंगांपैकी एक द्यायचा, तर १५,३६० बाइट लागले असते. त्याऐवजी आठ बाय आठ बिंदूंचे तयार ठोकळे कॅसेटमध्येच कोरून ठेवले. पडद्यावर अशा ठोकळ्यांच्या ९६० जागा होतात. कोणत्या जागी कितव्या क्रमांकाचा ठोकळा एवढेच लिहायचे. त्याला ९६० बाइट आणि रंगांसाठी आणखी ६४, एकूण १,०२४. पंधरापट बचत झाली!

हे यंत्र, 'फॅमिकॉम', १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीस आले. त्याची आणि परदेशी आवृत्तीची मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे खेळ मिळत, त्यांतले कित्येक या यंत्राची नक्कल होते. पडद्यावर फार शत्रू एकदम आले की चित्रे लुकलुकत, हे अनेकांना आठवत असेल. एका ओळीवर हलणारी आठच चित्रे काढता येत. जास्त झाली की आज्ञावली ती आळीपाळीने दाखवी.

या चिपचा आपल्या शाळांशीही संबंध आहे. १९८४-८५ मध्ये सरकारने 'क्लास' या प्रकल्पातून शाळांना जे बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांच्यातही ६५०२ च होती. तिथे मात्र निवड उलट होती. रंगीत चित्राच्या एका प्रकारात ३२ किलोबाइटांपैकी २० किलोबाइट एकट्या पडद्यावर खर्च होत. आज्ञावलीला जागा थोडी उरे, पण नवशिक्या मुलाला एका आज्ञेत हवी तिथे रेघ काढता येई. शिकणाऱ्याच्या सोयीसाठी केलेला तो खर्च होता.

मुलांना काय सांगावे?

काटकसर चुकीच्या जागी केली तर फसते, याचेही उदाहरण आहे. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर काढला. पैसे वाचवण्यासाठी त्याच्याजवळची दुसऱ्या पातळीची वेगवान मेमरी काढून टाकली होती. प्रोसेसर मेमरीची वाट पाहत रिकामा बसू लागला आणि गिऱ्हाइके नाराज झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १२८ किलोबाइट वेगवान मेमरी चिपवरच असलेला ३००-ए आला. तो खेळ खेळणाऱ्यांचा आवडता ठरला.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही भागांची नावे सांगत नाही. तीन गोष्टी वहीत लिहून आणायला सांगतो. कोणते खेळ खेळायचे आणि पडदा किती बिंदूंचा आहे? त्या खेळांत जास्त काम चित्र काढण्याचे आहे की चाली व हिशेब करण्याचे? आणि कोणता भाग कोणाची वाट पाहत थांबेल? ही उत्तरे आली की खर्च कुठे वाढवायचा आणि कुठे आवरायचा, हे त्यांचे त्यांनाच ठरवता येते. दुकानदाराच्या कागदावर मग त्यांना नुसत्या किमती दिसत नाहीत.