हाकेसरशी जागा होणारा सर्व्हर

2000 सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यातल्या शाळांना परदेशात वापरून झालेले संगणक मिळू लागले. ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमामागे परमुलखात स्थायिक झालेले गोवेकर होते आणि त्यांना लिनक्ससाठी रेड हॅट कंपनीची साथ मिळाली. 2002 च्या सुमारास सरकारची ‘सायबरएज’ योजना आली आणि उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरीही संगणक पोहोचू लागले. पेडणे आणि डिचोली तालुके हा मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांचा टापू. इथल्या घरांत पडद्यावरची इंग्रजी आणि तिच्यामागचं यंत्र, दोन्ही एकदमच नवी होती.

जुन्या संगणकांची अडचण मेमरीची. त्यावर जगभरच्या शाळांनी एक तोड काढली होती. वर्गात एकच ताकदवान सर्व्हर ठेवायचा आणि बाकीच्या यंत्रांनी नेटवर्कवरून त्याच्याकडूनच सुरू व्हायचं. 1999 मध्ये सुरू झालेला ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ याच कामासाठी होता. सुरू होताना दुबळं यंत्र सर्व्हरकडे लिनक्सचा गाभा मागतं. तो देणारी टीएफटीपी सेवा 69 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या ठरलेल्या दारावर, असते. रेड हॅटच्या त्या काळच्या लिनक्समध्ये ही सेवा सतत जागी नसे. तिच्या वतीने एक्सआयनेटडी नावाचा दुसराच प्रोग्रॅम पोर्टवर कान लावून बसे आणि मागणी आली की तिला उठवे.

आजच्या लिनक्समधल्या ‘सॉकेट ॲक्टिव्हेशन’चं, म्हणजे मागणी आली की मगच सेवा उठवण्याच्या पद्धतीचं, मूळ इथेच आहे, किंबहुना याच्याही बरंच मागे. 1986 मध्ये कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातून निघालेल्या 4.3 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये आयनेटडी आला. त्याआधी प्रत्येक सेवेचा प्रोग्रॅम, कुणी येवो न येवो, मेमरी अडवून बसे. जुन्या वाड्याच्या देवडीवर एकच माणूस असे. पाहुणा आला की तो आतल्या योग्य माणसाला हाक मारी. आयनेटडीने हेच काम पत्करलं. शेवटी मेमरी वाचली, पण ऐकणारा एक आणि उत्तर देणारा दुसरा अशी फोड झाली. गेली चाळीस वर्षं या व्यवस्थेतले अनेक बिघाड त्या फटीत सापडत आले आहेत.

शाळेतल्या टीएफटीपीचंच पाहा. सेवेची फाइल जागेवर असे, प्रोग्रॅमही बसवलेला असे, तरी वर्गातली यंत्रं काळ्या पडद्यावर अडून राहत. कारण एवढंच, की एक्सआयनेटडीच्या फाइलमध्ये ‘डिसेबल = येस’ ही ओळ मुळातच लिहिलेली असे. ती बदलून ‘नो’ करायची आणि एक्सआयनेटडी पुन्हा सुरू करायचा. टीएफटीपी कितीही वेळा नव्याने बसवली तरी उपयोग शून्य, कारण दोष तिच्यात नव्हताच.

2005 मध्ये ॲपलने मॅकसाठी लाँचडी आणला आणि ही कल्पना संगणक सुरू होण्याच्या प्रक्रियेतच मिसळली. त्यातूनच धडा घेत लेनार्ट पोटरिंग यांनी एप्रिल 2010 मध्ये सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची घोषणा केली. त्यांचा विचार फार सुंदर होता. सगळ्या सेवांचे सॉकेट, म्हणजे पोर्टवर मागण्या ऐकणारी टोकं, आधीच उघडून ठेवले, तर सेवांनी एकमेकींची वाट पाहायला नको. आलेल्या मागण्या रांगेत थांबतील. 2011 मध्ये लिनक्सच्या फेडोरा 15 या आवृत्तीने सिस्टमडी स्वीकारला. 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 त्याच वाटेने गेले. त्यावरून बरीच भांडणं झाली. पण सॉकेटची कल्पना त्या भांडणांपेक्षा जुनी आहे आणि तिच्यात खोट नाही.

बिघाड मात्र नव्या रूपात आले. समजा, पेडण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली सेवा सॉकेटला जोडली. पहिली मागणी येताच सेवा सुरू होते, लगेच बंद पडते, पुन्हा सुरू होते. सिस्टमडी तिच्या हाती आधीच उघडलेला सॉकेट देतो. त्याचा क्रमांक 3 पासून सुरू होतो आणि असे किती सॉकेट आहेत ते ‘लिसन एफडीज’ या चलात असतं. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तो सॉकेट घेतच नाही. स्वतःच पोर्ट उघडायला जातो आणि पत्ता आधीच वापरात असल्याची चूक येऊन कोसळतो. मागणी रांगेतच असते, म्हणून सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतो. 10 सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा असं झालं की ठरलेली मर्यादा ओलांडली जाते आणि सॉकेटच बंद पडतो. आयनेटडीतही असाच लगाम होता: एका मिनिटात 40 पेक्षा जास्त वेळा सेवा उठवावी लागली, तर तो तिला थांबवी.

सॉकेट अजून उघडा असताना ‘एसएस’ आज्ञेने पोर्ट पाहिलं, तर ऐकणारा म्हणून सेवेचं नाव दिसत नाही. सिस्टमडी दिसतो, प्रक्रिया क्रमांक 1. अनेकजण इथे दचकतात. खरं तर ती चांगली खूण आहे, देवडी शाबूत असल्याची. त्यानंतर सॉकेट आणि सेवा या दोन्ही युनिटांची नोंदवही ‘जर्नलसीटीएल’ने एकत्र वाचायची, सेवेतली चूक सुधारायची, ‘रीसेट-फेल्ड’ने जुनी नोंद पुसायची आणि सॉकेट पुन्हा सुरू करायचा. प्रोग्रॅम तसाच ठेवून नुसता सॉकेट उठवला, तर पुढच्या मागणीला तीच फेरी पुन्हा सुरू होते.

ऑक्टोबर 2022 मध्ये उबुंटू 22.10 ने दूरून प्रवेश देणारी एसएसएच सेवाही सॉकेटच्या हवाली केली. त्यामुळे रिकाम्या यंत्रावर किमान 3 एमबी मेमरी वाचते, असं कारण दिलं गेलं. परिणाम असा, की वर्षानुवर्षं ‘एसएसएचडी कॉन्फिग’ फाइलमध्ये पोर्ट बदलणाऱ्यांचा बदल लागू होईना; पोर्ट आता सॉकेटच्या फाइलमध्ये लिहायचं होतं. 24.04 मध्ये जुन्या फाइलवरून सॉकेट आपोआप बेतण्याची सोय झाली. तरीही फाइल बदलल्यावर ‘डेमन-रीलोड’ करून सॉकेट नव्याने सुरू करावाच लागतो.

गोव्याच्या शाळांत आता कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवलं जातं, डिचोली तालुक्यात मयेला सरकारी तंत्रनिकेतन आहे, पेडण्यात तुयेला इलेक्ट्रॉनिक्स वसाहत आखली गेली आहे. तिथल्या शिक्षकांना एक विनंती: लिनक्सच्या तासाला सेवेची फाइल दाखवाल तेव्हा शेजारची सॉकेटची फाइलही उघडा, आणि ती ओळीओळीने मराठीत समजावून सांगा.