पूल ओलांडणारा माणूस

दहाएक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देहदंडावर माझं व्याख्यान होतं. कॅथलिक चर्च या शिक्षेच्या विरोधात आहे आणि व्हॅटिकननं कधी कोणाला फासावर चढवलेलं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठून शांतपणे म्हणाले, "अहो, मग रोमच्या जल्लादाला पगार कोण देत होतं?"

रोममध्ये असा कोणी जल्लाद होता हेच मला ठाऊक नव्हतं. मी इतिहासाचा पदवीधर नाही, लॅटिन तर कोशाच्या कुबडीवरच वाचतो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझं विधान शब्दशः पाहिलं तर खरं होतं. आजचं व्हॅटिकन राज्य १९२९ सालचं, आणि त्यानंतर तिथं कोणाला देहदंड झाला नाही. मात्र १८७०पर्यंत मध्य इटलीतल्या मोठ्या मुलखावर पोपचं राजा म्हणून राज्य होतं, आणि ते मी सोयीस्करपणे वगळलं होतं.

त्या राज्याचा जल्लाद जोव्हान्नी बत्तिस्ता बुगात्ती. लोक त्याला 'मास्त्रो तित्ता' म्हणत. जन्म १७७९चा, सेनिगाल्लिया गावचा. १७९६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, फोलिन्यो इथं त्यानं पहिला माणूस मारला. शेवटचा १८६४ साली, पंचाऐंशीव्या वर्षी. मधल्या अडुसष्ट वर्षांतल्या शिक्षांची यादी त्यानं ठेवली होती आणि तिच्यात ५१६ जण आहेत. त्याच्या नावावर पुढं छापलेलं चटकदार 'आत्मचरित्र' दुसऱ्याच कोणी रचलेलं आहे. त्यावर विसंबू नये. एरवी हा गृहस्थ बोर्गो भागात राहून छत्र्या विकायचा. तो टायबरवरचा पूल ओलांडून शहरात आला, की आज कोणाचा तरी शिरच्छेद आहे हे लोकांना कळे. 'जल्लाद पूल ओलांडत नाही' अशी म्हणच रोमच्या बोलीत रूढ झाली. १८१७ मध्ये बायरननं आणि १८४५ मध्ये डिकन्सनं रोममध्ये शिरच्छेद पाहिले आणि लिहून ठेवले, ते याच्याच कारकिर्दीतले.

डिकन्सच्या वर्णनातल्या एका गोष्टीवर मी बराच अडखळलो. ठरलेली वेळ टळून गेली तरी कैदी येत नव्हता. बायकोला आणून भेटवल्याशिवाय पापनिवेदन करणार नाही, असं त्यानं सांगितलं होतं, आणि पापनिवेदनाशिवाय त्याला मारायचं नव्हतं. बायको येईपर्यंत सगळा लवाजमा, शिपाई आणि गर्दी ताटकळत राहिली. देह मारायचाच, पण आत्मा हातचा जाऊ द्यायचा नाही.

हे काम सान जोव्हान्नी देकोल्लातो या बंधुसंघाकडं होतं. १४८८ साली रोममधल्या फ्लोरेन्सवासीयांनी तो स्थापला. मायकेलअँजेलोही त्याचा सभासद होता. काळे झगे आणि चेहऱ्यावर बुरखे घालून सभासद आदल्या रात्री कोठडीत जात. वधस्तंभाकडं नेताना ख्रिस्ताचं चित्र रंगवलेली छोटी फळी कैद्याच्या डोळ्यांसमोर धरून चालत. पुढचा सांगाडा त्याला दिसू नये, ख्रिस्त दिसावा. या संघाला दरवर्षी एका कैद्याला सोडवण्याचा हक्कही होता. त्या फळीकडं पाहून मला एकाच वेळी गहिवर येतो आणि संतापही. फळी धरणारा हात दयेचा होता यात शंका नाही. पण सांगाडा उभारणारे कोण?

चर्चला रक्ताचं वावडं आहे, हे तत्त्व फार जुनं. पाचव्या शतकात काही दोनातिस्तांनी एका धर्मगुरूचा खून केला आणि दुसऱ्याला लुळंपांगळं केलं. ऑगस्टीननं न्यायाधिकाऱ्याला पत्र लिहून त्यांना मारू नका अशी विनवणी केली. १२१५च्या लॅटरन परिषदेनं पाद्र्यांना मृत्युदंडाचा निकाल देण्यास आणि तो अमलात आणण्यास मनाई केली. पण शिक्षा देण्याचा राजसत्तेचा अधिकार चर्चला मान्यच होता. समाजदेहाचा सडलेला अवयव कापावा, तसा गुन्हेगार दूर करावा, ही थॉमस अक्वायनसची उपमा शतकानुशतकं चालली. त्यामुळं धर्मन्यायालयं आरोपीला 'ऐहिक सत्तेच्या हाती' सोपवून मोकळी होत. गोव्यातल्या इन्क्विझिशनची रीतही हीच होती. तिथं तो हात पोर्तुगीज राजाचा होता. रोममध्ये मात्र सोपवणारा आणि ज्याच्या हाती सोपवायचं तो, शेवटी एकच.

२ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'कॅटेकिझम' या धर्मशिक्षणग्रंथातला २२६७वा परिच्छेद बदलून देहदंड अग्राह्य ठरवला. १९९२ची आवृत्ती अतिगंभीर गुन्ह्यांसाठी तो मान्य करत होती. १९९७मध्ये तसे प्रसंग जवळपास उरलेलेच नाहीत, असं म्हटलं गेलं. 'अग्राह्य' हा शब्द मोठ्या चतुराईनं निवडलेला आहे. 'मुळातच पाप' म्हटलं असतं तर बुगात्तीच्या यादीचं काय करायचं, हा प्रश्न आला असता. अधिकृत स्पष्टीकरण असं, की काळ बदलला, माणसांना सुरक्षितपणे बंदिस्त ठेवण्याच्या व्यवस्था आल्या, आणि शिकवणीचा हा विकास आहे, खंडन नव्हे.

मला हे पटत नाही. रोममध्ये व्हिया जूलियावर सतराव्या शतकाच्या मध्यातच पोपनं नवा तुरुंग बांधला होता, आणि त्या काळच्या मानानं तो सुधारलेला होता. शेजारच्या तस्कनीच्या कॅथलिक राजानं, लेओपोल्डनं, १७८६ साली देहदंड रद्द केला होता. पुढं तो काही गुन्ह्यांपुरता परत आला, हे खरं; पण पर्याय डोळ्यांसमोर होता. बेक्कारियाचं देहदंडाविरुद्धचं पुस्तक १७६४चं, आणि १७६६ साली रोमनं ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकलं. खुद्द रोममध्ये १८४९च्या अल्पायुषी प्रजासत्ताकानं राज्यघटनेतच मृत्युदंड बंद केला. पोप परतले आणि छत्रीवाला पुन्हा पूल ओलांडू लागला. व्यवस्था होती, युक्तिवाद होता, उदाहरण होतं. नव्हती ती इच्छा. विकास म्हणायचं तर म्हणावं, पण मग आधी चूक झाली होती हेही म्हणावं.

पोपच्या राज्यातला शेवटचा शिरच्छेद ९ जुलै १८७०चा, पालेस्त्रिना इथला. नऊच दिवसांनी व्हॅटिकन परिषदेनं पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत जाहीर केला, आणि २० सप्टेंबरला इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या. १९२९च्या नव्या राज्यात पोपच्या हत्येच्या प्रयत्नाला पुन्हा मृत्युदंड ठेवला गेला. सहाव्या पॉलनी तो १९६९ साली काढून टाकला. त्यानंतर बारा वर्षांनी सेंट पीटरच्या चौकात दुसऱ्या जॉन पॉलवर खरंच गोळ्या झाडल्या गेल्या. खटला इटलीच्या न्यायालयात चालला, आणि १९८३ साली पोप मारेकऱ्याला भेटायला त्याच्या कोठडीत गेले.

मागच्या वर्षी त्याच वाचनालयात मी हे सगळं पुन्हा सांगितलं. ते शिक्षक आले नव्हते. गुडघ्यांमुळं आता जिना चढवत नाही, असं कळलं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन त्यांना उत्तर दिलं. बुगात्ती निवृत्त झाला तेव्हा त्याला महिना ३० स्कुदी निवृत्तिवेतन मंजूर झालं. मंजूर करणारे होते नववे पायस. जल्लाद आणि पोप दोघेही एकाच गावचे, सेनिगाल्लियाचे.

"बरं," ते म्हणाले, "आणि छत्र्यांचं दुकान?"

ते मी अजून शोधतो आहे.